नवोदित ख्रिस्ती लेखक आणि लेखनगट: प्रोत्साहन व परखड अभिप्राय यांची सांगड कशी घालावी?

भायखळ्याचा वाचक

सर्वांना सलाम.

मुंबईतील मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (म्हणजे चर्चमध्ये) लिहिण्याची इच्छा असणाऱ्यांची उणीव नाही. नाताळचा अंक, मंडळीची स्मरणिका, महिला मंडळाचा कार्यक्रम, संडेस्कूलचे नाटुकले अशा निमित्तांनी दरवर्षी कितीतरी जण साक्ष, मनन, गीत किंवा कविता लिहितात. त्यांतील बहुतेकांचे लेखन मात्र पहिल्या काही प्रयत्नांनंतर थांबते, आणि थांबले नाही तरी वर्षानुवर्षे एकाच ठिकाणी राहते. अशा लेखकाला पुढे नेण्यासाठी त्याच्याभोवती कोणत्या प्रकारची माणसे असावीत आणि त्यांनी नेमके काय करावे, एवढाच प्रश्न मला या धाग्यात चर्चेसाठी मांडायचा आहे.

माझे मत आधीच स्पष्ट करतो. आपल्याकडे नवोदित लेखकाला आशीर्वाद भरपूर मिळतात, वाचक मात्र मिळत नाही. उपासना संपल्यावर आवारात कोणीतरी जवळ येऊन "फार सुंदर लिहिलेत, प्रभू आपला आणखी उपयोग करून घेवो" असे म्हणते, आणि ते मनापासून म्हटलेले असते. परंतु कोणते वाक्य मनात राहिले, कोठे वाचताना अडखळायला झाले, कोणती गोष्ट अर्धवट वाटली, हे त्या लेखकाला कोणीही सांगत नाही. यामागे उदासीनता नसते, संकोच असतो. साक्ष ही त्या व्यक्तीच्या आयुष्यात देवाने केलेल्या कार्याची हकीकत असल्यामुळे तिच्यातला एखादा परिच्छेद लांबला आहे असे म्हटले, तर आपण त्या कार्यावरच शंका घेतो आहोत असे बोलणाऱ्याला वाटते, आणि लिहिणाऱ्यालाही बहुधा तसेच वाटते. "हे मला प्रभूने सुचवले" असे कोणी म्हटले की पुढचे बोलणेच खुंटते.

म्हणून लेखनगटाचे पहिले काम अनुभव आणि मजकूर यांना वेगळे करणे हे आहे, असे मला वाटते. अनुभव लेखकाचा आहे आणि त्याच्या खरेपणावर मत देण्याचा अधिकार गटाला नाही. मजकूर मात्र वाचकासाठी लिहिलेला असतो, त्यामुळे तो वाचकापर्यंत पोहोचला की नाही हे सांगण्याचा अधिकार वाचकाचाच आहे. ही सीमारेषा पहिल्याच बैठकीत मोठ्याने सांगितली तर निम्मा संकोच तेथेच गळून पडतो.

प्रेरणा आणि परिश्रम यांचा विरोध आहे ही समजूत आपल्या शास्त्राला धरून नाही. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच सांगतो की त्याने सर्व गोष्टींचा मुळापासून शोध केला आणि मग त्या अनुक्रमाने लिहिल्या. बायबलमधील यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३६व्या अध्यायात त्याचा लेखनिक बारूख यिर्मयाच्या तोंडून ऐकून गुंडाळी लिहितो, यहोयाकीम राजा ती चाकूने कापून शेगडीत जाळतो, आणि मग दुसरी गुंडाळी लिहिली जाते. तिच्यात पहिल्या गुंडाळीतील सर्व वचने तर येतातच, पण त्यांसारख्या आणखी पुष्कळ वचनांची भर पडते. राजाने गुंडाळी जाळली म्हणून लेखन संपले नाही, आणि दुसरा खर्डा लिहावा लागला म्हणून पहिल्याची प्रेरणा खोटी ठरली नाही. दुसरा खर्डा लिहिण्यास नाखूश असणाऱ्या प्रत्येक नव्या लेखकाने हा अध्याय एकदा निवांत वाचावा.

प्रोत्साहनाविषयी बोलायचे तर बर्णबाचे उदाहरण मला सर्वांत जवळचे वाटते. बर्णबा हा प्रेषित पौलाचा सोबती. त्या दोघांबरोबर निघालेला मार्क पहिल्या सुवार्ताफेरीत मध्येच साथ सोडून यरुशलेमेस परत गेला. पुढच्या फेरीत त्याला बरोबर घेण्यास पौलाने ठाम नकार दिला, आणि त्यावरून बर्णबा व पौल यांच्यात इतका तीव्र वाद झाला की ते दोघे वेगळे झाले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रास (सायप्रस बेटावर) गेला. पुढे तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना त्याच पौलाने मार्काला बरोबर घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे, असे कळवले. मंडळीची जुनी परंपरा दुसरे शुभवर्तमान याच मार्काच्या नावावर मानते. बर्णबाने मार्काची स्तुती केल्याचे कोठेही नोंदलेले नाही. त्याने मार्काला बरोबर घेतले आणि काम दिले. माझ्या मते प्रोत्साहनाचा खरा अर्थ येथे आहे, कारण नव्या लेखकाला "छान" या शब्दापेक्षा पुढच्या महिन्यात तुमचे वाचन आहे आणि आम्ही ऐकायला येणार आहोत, या निरोपाने अधिक बळ मिळते.

मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवतो. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले रेव्हरंड ना. वा. टिळक स्वतः मोठे कवी होतेच, पण अहमदनगरच्या त्यांच्या घरात त्र्यंबक बापूजी ठोमरे यांच्यासारख्या कोवळ्या कवीला आसरा आणि उत्तेजन मिळाले. हेच ठोमरे १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनानंतर बालकवी म्हणून ओळखले जाऊ लागले. लक्ष्मीबाई टिळकांना शाळेचे शिक्षण नव्हते. त्यांनी आठवणी लिहाव्यात असा आग्रह मुलगा देवदत्त यांनी धरला नसता, तर १९३४ पासून प्रसिद्ध होऊ लागलेली 'स्मृतिचित्रे' आपल्या हाती आली असती का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. टिळकांच्या हातून अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्य पूर्ण करण्याचे कामही त्याच लक्ष्मीबाईंनी केले. त्या घरात लिहिणे हे एकट्याने करायचे काम नव्हते.

आपापल्या मंडळीत असा गट चालवलेल्यांनी आपले अनुभव लिहावेत, ही विनंती.

---

अंकाचे काम

आपण अनुभव आणि मजकूर यांच्यात केलेला फरक मला पूर्णपणे पटतो. आमच्या मंडळीच्या नाताळ अंकाच्या कामात अनेक वर्षे हात असल्यामुळे त्यात एका गोष्टीची भर घालते. नव्या लेखकाची सर्वांत मोठी अडचण व्याकरणाची नसते, तयार वाक्यांची असते. "अंधारातून प्रकाशात आलो", "प्रभूने अद्भुत कार्य केले", "जीवन धन्य झाले" ही वाक्ये आपण लहानपणापासून प्रार्थनेत आणि प्रवचनात ऐकत आलेलो असल्यामुळे लिहिताना ती आपोआप हाताशी येतात, आणि लिहिणाऱ्याला वाटते की सर्व काही सांगून झाले. ती वाक्ये खोटी नाहीत. परंतु ती प्रत्येकाच्या साक्षीत सारखीच असल्यामुळे हा माणूस कोण आणि याच्या बाबतीत काय घडले, हे वाचकाला कळत नाही.

एका तरुणाने वडिलांचे दारूचे व्यसन सुटल्याबद्दल साक्ष लिहून आणली होती. पहिल्या खर्ड्यात "प्रभूने आमच्या घरात अद्भुत परिवर्तन घडवले" एवढेच होते. आमच्यापैकी एका वयस्कर बाईंनी त्याला अगदी शांतपणे विचारले, "घरात काय बदलले ते आम्हाला दिसू दे, बाळा. पगाराच्या दिवशी संध्याकाळी आई काय करायची?" तो बराच वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला की आई पगाराचे पाकीट तांदळाच्या डब्यात खाली दडवून ठेवायची, आणि एका महिन्यापासून ते पाकीट उघडपणे देव्हाऱ्याच्या जुन्या फळीवर, जेथे आता बायबल असते तेथे, राहू लागले. हेच त्याने दुसऱ्या खर्ड्यात लिहिले आणि "अद्भुत" हा शब्द स्वतःहून काढून टाकला. त्या बाईंनी त्याचे कौतुकही केले नव्हते आणि चूकही दाखवली नव्हती. त्यांनी त्याच्या आयुष्याविषयी मनापासून कुतूहल दाखवले होते, आणि मला वाटते की नव्या लेखकाला देता येईल असा सर्वांत चांगला अभिप्राय हाच आहे.

दुसरी एक सूचना शास्त्रवचनांविषयी आहे. नवे लेखक वचने आठवणीतून लिहितात आणि त्यात दोन भाषांतरांचे मिश्रण होते. गटाने संदर्भ आणि शब्द पडताळून पाहणे आवश्यक आहे. हे रूक्ष काम आहे, पण ते कोणी केले नाही तर लेखकाची विश्वासार्हता जाते.

---

कल्याणची परिचारिका

मी नव्यानेच लिहू लागले आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहिते. आपण सर्व जण अभिप्रायाबद्दल लिहीत आहात, परंतु वाचून दाखवणाऱ्याच्या मनात काय चालते याचा विचार आधी व्हावा असे मला वाटते. आमची मंडळी लहान आहे. माझ्या लेखात माझी सासू असेल, माझा भाऊ असेल किंवा माझ्या वॉर्डातील एखादा रुग्ण असेल, तर ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना ती माणसे कोण हे लगेच कळणार आहे. वाचलेला कागद रात्री मंडळीच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरू लागला तर पुढच्या रविवारी मी बाकावर कशी बसू? माझ्या ओळखीच्या एका मुलीने याच कारणाने लिहिणे सोडले.

त्यामुळे माझी विनंती अशी आहे की पहिले काही महिने तरी नव्या माणसाला फक्त प्रोत्साहन द्यावे. त्रुटी नंतरही सांगता येतील. एकदा मिटलेली वही पुन्हा उघडणे मात्र फार कठीण असते.

---

गिरगावकर

कल्याणच्या ताईंची भीती रास्त आहे, आणि गटातील मजकूर गटाबाहेर जाणार नाही हा नियम सर्वांत आधी हवा, याबद्दल दुमत असू नये. रुग्णाच्या बाबतीत तर नाव, वॉर्ड आणि आजार बदलणे हे लेखकाचेच कर्तव्य आहे. परंतु काही महिने फक्त प्रोत्साहन, या सूचनेशी मी सहमत नाही, आणि त्याचे कारण एका प्रसिद्ध उदाहरणाने सांगतो.

ऑक्सफर्डमध्ये १९३० आणि १९४०च्या दशकांत सी. एस. लुइस, जे. आर. आर. टॉल्किन हे इंग्रजी लेखक आणि त्यांचे मित्र इंक्लिंग्ज या नावाने जमत असत. गुरुवारी संध्याकाळी मॉडलिन कॉलेजातील लुइस यांच्या खोलीत कोणीतरी आपले अप्रकाशित लेखन मोठ्याने वाचून दाखवी आणि इतर जण त्यावर बोलत. त्यांतील बहुतेक जण श्रद्धावान ख्रिस्ती होते, मात्र सर्व एका मंडळीचे नव्हते. टॉल्किन कॅथलिक होते आणि लुइस अँग्लिकन. या बैठका रंगण्याच्या काही वर्षे आधीच टॉल्किन यांनी आपली एक दीर्घ कविता लुइस यांना वाचायला दिली होती. लुइस यांनी आधी ती किती आवडली हे कळवले, आणि त्यानंतर ओळीओळींवर तपशीलवार टिपणे पाठवली. ती टिपणे त्यांनी काल्पनिक विद्वानांच्या नावाने लिहिली होती, जणू ती कविता एक प्राचीन हस्तलिखित आहे आणि पंडित तिच्या पाठभेदांची चर्चा करत आहेत. टॉल्किन यांनी त्यांतील बऱ्याच सूचना स्वीकारून ओळी बदलल्या. प्रेम आणि परखडपणा एकाच पत्रव्यवहारात आले.

पुढे टॉल्किन यांची 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही कादंबरी पूर्ण होण्यास खूप वर्षे लागली. ती १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. आपल्यावर लुइस यांचे जे ऋण आहे ते प्रभावाचे नसून निखळ प्रोत्साहनाचे आहे, दीर्घ काळ तेच आपले एकमेव श्रोते होते, अशा आशयाचे टॉल्किन यांनी नंतर एका पत्रात लिहिले. त्याच गटातील ह्यूगो डायसन यांना मात्र त्या कथेचे वाचन सहन होत नसे, आणि त्यांच्या विरोधामुळे ते उपस्थित असताना ती वाचणे बंद झाले. डायसन हे वाईट मनुष्य नव्हते. १९३१ साली लुइस यांना ख्रिस्ती श्रद्धेकडे आणणाऱ्या रात्रीच्या दीर्घ संभाषणात टॉल्किन यांच्याबरोबर तेही होते. परंतु "मला हा प्रकार आवडत नाही" या वाक्यातून लेखकाला सुधारण्यासारखे काहीच हाती लागत नाही, तर "या ओळीत लय मोडते" या वाक्यातून लागते. माझे म्हणणे एवढेच आहे की नव्या माणसाला पहिल्या दिवसापासून दुसऱ्या प्रकारचे वाक्य मिळावे आणि पहिल्या प्रकारचे कधीच मिळू नये.

---

उत्तनकर

चर्चा फार चांगली चालली आहे. एक मुद्दा राहतो आहे असे वाटते, तो भाषेचा. आम्ही उत्तन, गोराई, मनोरी परिसरातील लोक घरात जी मराठी बोलतो ती पुस्तकातली मराठी नाही. वसईत सामवेदी आणि वाडवळी बोलणारी कुटुंबे आहेत. अहमदनगर, जालना भागातून मुंबईत आलेल्या कुटुंबांची बोली आणखी निराळी आहे. लिहायला बसल्यावर मात्र सर्व जण व्यासपीठावरची मराठी लिहू लागतात आणि आजीचे बोलणेसुद्धा प्रमाण भाषेत येते. एखाद्याने धीर करून बोलीत लिहिले, तर गटातील शुद्धलेखनाचा आग्रह धरणारे सदस्य लाल पेन घेऊन बसतात. याला मी अभिप्राय म्हणणार नाही.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू होते. १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापलेल्या आपल्या 'ख्रिस्तपुराण' या ग्रंथासाठी त्यांनी युरोपातील छंद आणला नाही; येथील लोकांच्या कानात बसलेली ओवी घेतली. ख्रिस्ती मराठी लेखनाचा आरंभच लोकांच्या भाषेपुढे नम्र होऊन झाला आहे. बोलीत लिहिणाऱ्या नव्या लेखकाला गटाने एवढेच विचारावे की हा शब्द बाहेरच्या वाचकाला संदर्भाने कळतो आहे का. कळत असेल तर तो तसाच ठेवावा.

---

अंकाचे काम

उत्तनकर यांच्याशी सहमत आहे, आणि याला जोडूनच सुचवते की गटात एक तरी वाचक ख्रिस्ती समाजाबाहेरचा असावा. "पाळक", "प्रभुभोजन", "बंधुभगिनींची सहभागिता" हे शब्द आपल्यासाठी रोजचे असले तरी दादरच्या वाचनालयात पुस्तक चाळणाऱ्या वाचकाला ते अडवतात. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुवार्ता' मासिकाचे संपादन केले आणि २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही भूषवले. सगळ्या मराठी वाचकांशी त्यांच्याच भाषेत बोलण्याची सवय असल्याशिवाय हे घडत नाही, आणि ती सवय आपल्याच माणसांसमोर वाचत राहिल्याने लागत नाही.

---

भायखळ्याचा वाचक

सर्वांचे मनापासून आभार. आलेल्या सूचना लक्षात घेऊन आमच्या गटाची पद्धत थोडक्यात मांडतो.

वेळ ठरवणे हाच मुंबईत मोठा प्रश्न आहे. रविवारी उपासनेनंतर सर्व जण मोकळे असतात, पण रेल्वेच्या मेगाब्लॉकमुळे विरार किंवा कल्याणहून येणाऱ्यांचे हाल होतात. म्हणून आम्ही दुसरा शनिवार निवडला; बँकेत काम करणाऱ्यांना त्या दिवशी सुटी असते. एका बैठकीत दोघांचेच वाचन होते. लेखक स्वतः मोठ्याने वाचतो, आणि इतरांच्या हाती मजकुराच्या प्रती असतात, ज्या बैठकीनंतर परत घेतल्या जातात. कल्याणच्या ताईंनी मांडलेल्या भीतीवर हा नियम आम्हाला सर्वांत उपयोगी वाटला.

वाचन झाल्यावर लेखकाने काही वेळ काहीही बोलायचे नाही. हा भाग नव्या माणसाला अवघड जातो, कारण "मला तेथे असे म्हणायचे होते" हे ओठावर आलेले असते. परंतु पुस्तक वाचणाऱ्यापाशी लेखक समजावून सांगायला बसलेला नसतो, हे एकदा पटले की त्या शांततेचा उपयोग कळतो. ऐकणाऱ्यांनी आधी कोणते वाक्य किंवा कोणते चित्र मनात राहिले ते सांगायचे. येथे "छान" हा शब्द वर्ज्य नाही, मात्र त्याच्यापुढे "कारण" यायला हवे. त्यानंतर प्रश्न विचारायचे. पगाराच्या पाकिटाचा जो प्रश्न वर आला आहे, तो मी आमच्या गटात नक्की सांगणार आहे. सिद्धान्तावर मतभेद असेल तर तो बैठकीत काढायचा नाही. आमच्यात मेथडिस्ट आहेत, कॅथलिक आहेत, पेंटेकॉस्टल मंडळीतले आहेत, आणि एखाद्या कवितेतील उपमा अपुरी आहे की नाही हे ठरवण्यासाठी बाप्तिस्म्याच्या पद्धतीवर एकमत होण्याची गरज नसते.

गिरगावकर आणि कल्याणच्या ताई यांच्यातील मतभेदाबद्दल माझा कल गिरगावकरांकडे आहे, परंतु पूर्णपणे नाही. पहिल्याच वाचनात दहा सूचना ऐकून माणूस गोंधळतो. त्यामुळे नव्या सदस्याला आम्ही एकच सूचना देतो, आणि ती सर्वांत महत्त्वाची असावी याची जबाबदारी बैठक चालवणाऱ्यावर असते.

---

संडेस्कूल शिक्षक

एक प्रश्न. गटात पाळकसाहेब असावेत का? आमच्याकडे ते असले की सर्व जण त्यांच्या मताची वाट पाहतात आणि स्वतः बोलत नाहीत.

---

गिरगावकर

असावेत, पण त्यांनीही आपले लेखन वाचून दाखवावे आणि इतरांप्रमाणेच गप्प बसून अभिप्राय ऐकावा. आमच्या पाळकांनी प्रवचनाचा एक उतारा वाचला आणि अकरावीतल्या मुलीने त्यांना तिसरा दाखला अनावश्यक वाटतो असे सांगितले, तेव्हा त्यांनी तो तेथेच खोडला. त्यानंतर गटात बोलायला कोणीही कचरत नाही.

---

कल्याणची परिचारिका

प्रती परत घेण्याचा नियम आणि एकच सूचना, या दोन गोष्टी वाचून मन बरेच निश्चिंत झाले. भायखळ्याच्या दादांना विचारते, पुढच्या दुसऱ्या शनिवारी रात्रपाळी करून येणाऱ्या व्यक्तीने उशिरा पोहोचले तर चालेल का? रात्री एकटीने मरण पावलेल्या एका वृद्ध बाईंविषयी मी दोन पाने लिहिली आहेत. नाव आणि आजार बदलला आहे. प्रार्थनेचा भाग शेवटी ठेवावा की काढावा हे मला समजत नाही, तेवढेच विचारायचे आहे.

---

भायखळ्याचा वाचक

अवश्य या, ताई. आपले वाचन दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो, म्हणजे गाडी चुकली तरी वेळ हातात राहील. दोन्ही प्रकारे लिहून आणा, शेवट प्रार्थनेसह आणि प्रार्थनेशिवाय. आम्ही दोन्ही ऐकू आणि कोणता शेवट मनात राहिला ते प्रत्येक जण सांगेल. निवड आपली आपण करावी. प्रतींचा खर्च गट करतो, त्याची काळजी नको.